प्रश्न तुमचे : तोंडाचा वास आणि पोटावरचा आळ

दातांविषयीच्या या सदरासाठी एरवी जी पत्रे येतात, त्यांखाली पूर्ण नाव, गाव आणि कधीकधी फोन नंबरही असतो. या वेळी तोंडाला येणाऱ्या वासाविषयी प्रश्न मागवले, तेव्हा आलेल्या बहुतेक पत्रांच्या शेवटी ‘कृपया नाव छापू नये’ अशी ओळ होती. ती विनंती पाळून पत्रांचा सारांश खाली देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. दिवसातून दोनदा दात घासतो. तंबाखू, सुपारी, सिगारेट यांपैकी काहीही नाही. तरी तोंडाला वास येतो, असे पत्नी सांगते. पोट साफ नसले की असे होते, असे सर्वांचे म्हणणे पडल्यामुळे गेली दोन वर्षे रोज रात्री चूर्ण घेतो. पोट साफ होते, वास मात्र आहे तसाच आहे. आता एंडोस्कोपी करून घ्यावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हीच दिले आहे. दोन वर्षे पोट साफ होत असूनही वास जात नसेल, तर त्या वासाचा पोटाशी संबंध नाही. तोंडाला वास येणाऱ्या माणसाला आपल्याकडे सर्वांत आधी ‘पोट साफ होते का?’ असे विचारले जाते आणि त्या एका प्रश्नामुळे कितीतरी लोक वर्षानुवर्षे रेचके घेत राहतात. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका ही नळाच्या पाइपासारखी सदैव उघडी नसते. घास किंवा घोट उतरताना ती उघडते, एरवी तिच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना स्नायूंची कडी आवळलेली असते. त्यामुळे जठरातला वास प्रत्येक श्वासाबरोबर वर येत राहील, अशी वाटच तेथे नाही. करपट ढेकर आला तर क्षणभर वास येतो आणि जातो. आम्लपित्त वारंवार घशापर्यंत येत असेल, तर त्याचा थोडाफार हातभार लागू शकतो. पण अशी माणसे कमी. ज्यांच्या तोंडाला कायम वास येतो, अशा दहा जणांपैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत वासाचा उगम तोंडाच्या आतच सापडतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष नाकात, सायनसमध्ये किंवा टॉन्सिलमध्ये असतो. केवळ वासासाठी एंडोस्कोपी करण्याची गरज नाही. छातीत जळजळ, गिळताना घास अडकणे, विनाकारण वजन घटणे यांपैकी काही असेल, तर मात्र फिजिशियनला जरूर भेटावे, आणि तेही वासासाठी नव्हे, त्या लक्षणांसाठी.

आता तोंडात काय घडते ते पाहू. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जिवाणू राहतात. त्यांतल्या काहींना प्राणवायू सोसत नाही, म्हणून ते हवा पोहोचणार नाही अशा खाचाखोचा शोधतात. अशा जागा मुख्यतः दोन आहेत : जिभेचा मागचा, घशाकडचा भाग आणि दात व हिरडी यांच्यामधली फट. तेथे अडकलेले अन्नकण, तोंडाच्या अस्तराच्या गळून पडलेल्या पेशी, नाकामागून घशात उतरणारा शेंबूड आणि हिरड्यांतून झिरपणारे रक्त यांतील प्रथिनांवर हे जिवाणू जगतात. प्रथिनांमध्ये सिस्टीन आणि मेथिओनीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले असतात. ती मोडली की हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे वायू सुटतात. पहिल्याचा वास सडक्या अंड्यासारखा आणि दुसऱ्याचा कुजलेल्या कोबीसारखा असतो. हे वायू अत्यल्प प्रमाणात असले तरी माणसाच्या नाकाला लगेच कळतात.

तुम्ही दोनदा दात घासता हे चांगलेच आहे, पण ब्रश फिरतो तो दातांच्या पृष्ठभागावर. जिभेचे मूळ आणि दातांमधल्या फटी त्याच्या वाटेत येतच नाहीत. आरशासमोर उभे राहून जीभ पूर्ण बाहेर काढा आणि मागच्या भागाकडे पाहा. तेथे पांढरट किंवा पिवळसर थर दिसला, तर शोधाची सुरुवात तेथून करावी. हे ज्ञान नवे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जीभ खरवडण्याच्या साधनाचे वर्णन आहे : ते सोने, चांदी, तांबे, कथील किंवा पितळ यांचे असावे, धारदार नसावे आणि वाकवलेले असावे. त्याचे कारणही तेथे दिले आहे, ते असे की जिभेच्या मुळाशी साठलेल्या मळामुळे दुर्गंधी येते. आयुर्वेदाच्या नावाने चूर्णाचा डबा घरी आणणाऱ्यांनी त्याच ग्रंथातला हा दोन ओळींचा सल्ला मात्र मागे ठेवला, याचे मला नेहमी नवल वाटते.

बाजारात मिळणारा तांब्याचा, स्टीलचा किंवा प्लास्टिकचा कोणताही टंग क्लीनर चालतो. तो जितका मागे सहज नेता येईल तितका नेऊन, फार न दाबता, पुढच्या दिशेने चार-पाच वेळा ओढावा, प्रत्येक वेळी धुवावा आणि शेवटी चूळ भरावी. सकाळी एकदा केले तरी पुरे. रक्त येईपर्यंत जीभ खरवडणाऱ्यांचीही एक जात आहे. तसे केल्याने जिभेला इजा होते, स्वच्छता अधिक होत नाही. उमासा येत असेल तर जीभ बाहेर काढून सावकाश श्वास सोडत असताना टंग क्लीनर फिरवावा. आठवडाभरात सवय होते.

दातांच्या फटींसाठी फ्लॉस किंवा फटींत घालायचे बारीक ब्रश वापरावेत. मागच्या दाढांमधून फ्लॉस ओढून काढा आणि त्याचा वास घ्या. ज्या फटीतला फ्लॉस घाण वासाचा निघेल, तेथे काहीतरी साठते आहे, असे खुशाल समजावे. त्या ठिकाणी दोन दातांमधली कीड असेल, नीट न बसलेली कॅप असेल किंवा जुन्या ब्रिजखाली अन्न जात असेल. घासताना थुंकीत रक्त दिसत असेल, तर हिरड्यांचा आजार सुरू झालेला आहे. निरोगी हिरडी आणि दात यांमधली खाच साधारण तीन मिलिमीटरपर्यंत असते. हिरडी सुटत गेली की ती चार, पाच, सहा मिलिमीटर खोल होते आणि एवढ्या खोल जागी घरचा कोणताही ब्रश पोहोचत नाही. चाळिशीनंतर कायम वास येणाऱ्या, व्यसन नसलेल्या माणसाच्या तोंडात हेच आढळण्याची शक्यता बरीच असते. म्हणून एंडोस्कोपीच्या आधी दंतवैद्याकडे जा आणि ‘हिरड्यांची खोली मोजून पाहा’ असे स्पष्ट शब्दांत सांगा.

कीटण काढल्याने दात हलू लागतात, ही समजूत या विषयात हमखास आडवी येते. कीटण काढले म्हणून दात सैल होत नाही. हाड झिजल्यामुळे तो आधीच सैल झालेला असतो आणि कीटणाच्या थराने त्याला शेजारच्या दातांशी जखडून ठेवलेले असते. थर निघाला की खरी स्थिती कळते एवढेच. काढले नाही, तर हाड झिजत राहते आणि वासही राहतो.

प्रश्न : आपल्या तोंडाला वास येतो की नाही, हे आपले आपल्याला कसे कळावे? ओंजळीत फुंकून वास घेतला तर काहीच कळत नाही. (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : ओंजळीत फुंकून कळत नाही, कारण जिभेच्या मुळाशी असलेली हवा त्या फुंकरीत फारशी येत नाही, आणि जो वास चोवीस तास नाकाजवळ असतो त्याची नाक दखल घेणे सोडून देते. मासळी बाजारात रोज बसणाऱ्या बाईला मासळीचा वास येत नाही, तसेच हे आहे. त्याऐवजी स्वच्छ मनगट जिभेच्या शक्य तितक्या मागच्या भागाने चाटून दहा सेकंद वाळू द्यावे आणि मग हुंगावे. किंवा उलट्या चमच्याने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडून त्यावर आलेल्या थराचा वास घ्यावा. तरीही सर्वांत विश्वासाची परीक्षा म्हणजे घरातल्या एखाद्या मोकळ्या माणसाचे नाक. आम्ही दवाखान्यातही शेवटी तेच करतो. वायू मोजणारी यंत्रे उपलब्ध आहेत, पण प्रशिक्षित डॉक्टरने रुग्णाचा श्वास हुंगून शून्य ते पाच असे गुण देणे, हीच पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

परीक्षा कधी घेता यालाही महत्त्व आहे. सकाळी उठल्यावर सर्वांच्याच तोंडाला वास येतो आणि तो आजार नव्हे. दिवसभरात आपल्या तोंडात साधारण अर्धा ते दीड लीटर लाळ तयार होते व ती तोंड सतत धूत असते. झोपेत ती जवळजवळ थांबते आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांना आणि घोरणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. दात आणि जीभ घासून, न्याहारी केल्यावर तो वास गेला पाहिजे. सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारीही तो असेल, तर तपासणीची गरज आहे. आणि तपासणीला येताना कृपा करून वेलची चघळत, माउथवॉश वापरून, अंगावर अत्तर मारून येऊ नये. रुग्ण संकोचापोटी असे करतात हे समजू शकते, पण मग जे तपासायचे असते तेच झाकले जाते. आदल्या दोन दिवसांत लसूण आणि कच्चा कांदाही टाळावा.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. वरची-खालची संपूर्ण कवळी आहे. ते बोलायला जवळ आले की फार वास येतो आणि नातवंडे तोंड फिरवतात. हे पाहून वाईट वाटते, पण मामंजींना सांगणार कसे? त्यांना रक्तदाबाच्या आणि लघवीच्या त्रासाच्या गोळ्या चालू आहेत. (एक सून, रत्नागिरी)

उत्तर : सांगण्याचे काम तुमच्या यजमानांवर सोपवा आणि त्यांनीही ‘बाबा, वास येतो’ अशी सुरुवात करू नये. ‘कवळीला बरीच वर्षे झाली, एकदा दाखवून घेऊ’ एवढे म्हटले की काम होते, आणि ते खोटेही नाही. कवळी किती वर्षांपूर्वी केली हे तुम्ही लिहिलेले नाही, पण दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू आटत जाते. त्यामुळे एके काळी चपखल बसणारी कवळी पुढे ढिली होते आणि तिच्याखाली अन्न जाऊन बसते. नातवंडांना मात्र यात मध्ये घालू नका. लहान मुलाच्या तोंडून ऐकलेले असे वाक्य म्हातारी माणसे विसरत नाहीत.

कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत जिवाणू आणि कँडिडा नावाची बुरशी वाढते. रात्रंदिवस कवळी तोंडातच ठेवली, तर तिच्याखालचे टाळू लालभडक होते आणि वास सुरू होतो. म्हणून झोपताना कवळी काढलीच पाहिजे. ती मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासून, रात्रभर साध्या पाण्याच्या भांड्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, त्याने कवळीचा आकार बिघडतो. टूथपेस्टने घासू नये, तिच्या खरखरीतपणामुळे कवळीवर ओरखडे पडतात आणि त्यांतच पुढे घाण बसते. धुताना खाली पाणी भरलेले घमेले ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. दात नाहीत म्हणून तोंड धुण्याची गरज नाही, असे अनेकांना वाटते. हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ फडक्याने किंवा ब्रशने रोज पुसायला हवीत.

गोळ्यांचा उल्लेख तुम्ही केला हे फार बरे झाले. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधे लाळ कमी करतात. लाळ आटली की तोंड धुणारे पाणीच बंद झाले, असे समजावे. अशा माणसाला कोरडी भाकरी गिळताना पाणी लागते, रात्री उठून घोट घ्यावा लागतो, कवळी खाली चिकटत नाही. गोळ्या स्वतःहून मुळीच बंद करू नयेत. डॉक्टरांना तोंड कोरडे पडत असल्याचे सांगितले, तर ते पर्यायी औषध किंवा वेळ बदलून देऊ शकतात. दिवसभर थोडे थोडे पाणी पिणे, चहाचे कप कमी करणे आणि फार त्रास असल्यास दंतवैद्याच्या सल्ल्याने कृत्रिम लाळेची जेल वापरणे, हे उपाय आहेत.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या तोंडाला अचानक पंधरा दिवसांपासून अतिशय घाण वास येऊ लागला आहे. दात किडलेले नाहीत. उजव्या नाकपुडीतून पिवळा शेंबूड येतो, म्हणून सर्दीचे औषध चालू आहे. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : हे वाचल्यावर वाट न पाहता मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर वाटाणा, हरभरा, मणी, स्पंजाचा किंवा खोडरबराचा तुकडा आत अडकला असावा, अशी शंका पहिली घ्यावी लागते. घरी चिमट्याने किंवा काडीने काढण्याचा प्रयत्न करू नका. वस्तू आणखी आत जाते. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणासारखा सेल अडकला असण्याची शक्यता थोडीशी जरी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण असा सेल काही तासांत नाकातला पडदा जाळतो.

प्रश्न : माझी आजी गेली चाळीस वर्षे दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावते. तिचे म्हणणे असे की मिश्रीमुळेच तिचे तोंड साफ राहते आणि वास येत नाही. आम्हाला मात्र वास येतो. तिला कसे समजवावे? (एक नात, कराड)

उत्तर : मिश्री, काही भागांत जिला मशेरी म्हणतात, ती म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली आणि कुटलेली तंबाखू. ती लावल्यावर आजींना जे बरे वाटते, ते तोंड साफ झाल्यामुळे वाटत नाही. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जाते आणि तलफ भागते, म्हणून बरे वाटते. मिश्री दंतमंजनासारखी दिसते, दंतमंजनासारखीच बोटाने लावली जाते आणि चारचौघींत ती व्यसन म्हणून गणली जात नाही. ‘मी तंबाखू खात नाही’ असे सांगणाऱ्या बायकांच्या हिरड्यांवर ती मला अनेकदा सापडली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर होणाऱ्या या भाजणीला कोण बंदी घालणार? वासाविषयी बोलायचे, तर तंबाखूचा स्वतःचा वास असतोच, शिवाय ती हिरड्या मागे सारते, दातांची मुळे उघडी पाडते आणि वर सांगितलेल्या खाचा वाढवते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच.

आजींशी वाद घालू नका आणि डबी लपवू नका. चाळीस वर्षांची सवय ही त्या वेळेची, त्या ओसरीवरच्या जागेची आणि त्या बोटाची सवय असते. म्हणून त्याच वेळी, त्याच जागी, त्याच बोटाने तंबाखू नसलेले साधे दंतमंजन किंवा पेस्ट लावायला द्या आणि पाचापैकी एक वेळ आधी बदला. डबीवरचे घटक वाचून घ्या, कारण काही लाल-काळ्या मंजनांतही तंबाखू मिसळलेली आढळली आहे. राखुंडीचा पर्याय कोणी सुचवेल, पण राख आणि कोळसा दातांचे आवरण घासून काढतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन मिळते. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः करा : उजेडात आजींचे ओठ आणि गाल बाजूला करून आत पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा गाठ दिसली, तर वासाचा विषय बाजूला ठेवून त्यांना लगेच तपासायला न्या.

प्रश्न : मी २२ वर्षांचा विद्यार्थी आहे. माझ्या तोंडाला वास येतो याची मला खात्री आहे. मी बोलू लागलो की लोक नाकाला हात लावतात, बसमध्ये शेजारचा माणूस खिडकी उघडतो. तीन दंतवैद्यांनी आणि एका कान-नाक-घसा तज्ज्ञाने तपासून वास नाही असे सांगितले. घरचेही तेच म्हणतात. ते मला बरे वाटावे म्हणून तसे बोलतात. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसतो आणि दिवसातून आठ वेळा दात घासतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि मी ते दोनदा वाचले. तुमचा त्रास खरा आहे, हे आधी नोंदवतो. पण तो तोंडात आहे असे मला वाटत नाही. चार वेगवेगळ्या तज्ज्ञांना, ज्यांना तुमचे मन राखण्याचे काही कारण नाही, वास आढळला नाही. आता लोकांच्या हालचालींकडे पाहा. माणसे दिवसभरात स्वतःच्या नाकाला आणि चेहऱ्याला असंख्य वेळा हात लावतात, तुम्ही समोर नसतानाही लावतात. बसमध्ये उकडते म्हणून खिडकी उघडली जाते. आपल्याला वास येतो असे एकदा मनाने घेतले, की या प्रत्येक हालचालीचा पुरावा होतो आणि ‘वास नाही’ असे सांगणारा प्रत्येक माणूस खोटारडा ठरतो.

वैद्यकशास्त्रात ही अवस्था ओळखीची आहे. स्वतःच्या शरीराला दुर्गंधी येते या पक्क्या समजुतीने ग्रासले जाण्याच्या या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तो बहुधा तरुण वयात सुरू होतो, आणि असे रुग्ण मनोविकारतज्ज्ञांकडे न जाता एका दंतवैद्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात, कधी नसलेल्या रोगासाठी दाढाही काढून घेतात. कृपया चौथा दंतवैद्य शोधू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा आणि हेच पत्र त्यांना दाखवा. विचारांवर काम करणारी उपचारपद्धती आणि गरजेनुसार औषधे यांनी या त्रासात आराम मिळू शकतो. दरम्यान दात दोनच वेळा घासा. आठ वेळा घासल्याने हिरड्या सोलल्या जातील. आणि घरच्यांपैकी ज्यांच्यावर सर्वाधिक विश्वास आहे अशा एकाच व्यक्तीला, आठवड्यातून एकदाच विचारायचे, असा नियम करा. रोज दहा वेळा विचारल्याने शंका फिटत नाही, वाढते.

प्रश्न : माउथवॉशने वास जातो का? मी चार महिने नियमित वापरला, तर दात तपकिरी झाले. (एक वाचक, पणजी)

उत्तर : तुम्ही वापरलात तो बहुधा क्लोरहेक्सिडिन असलेला असावा, आपल्याकडे तो ०.२ टक्के प्रमाणात मिळतो. जिवाणूंवर तो प्रभावी आहे, पण ते औषध आहे, रोजचे सुगंधी पाणी नव्हे. हिरड्यांच्या उपचारानंतर साधारण दोन आठवडे वापरून थांबवायचे असते. अधिक काळ वापरल्यास दात व जीभ डागाळतात आणि चव बिघडते. डाग दातांच्या वरवर असतात, दंतवैद्याकडे साफ करून मिळतील. टूथपेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दात घासल्यावर अर्ध्या तासाने तो घ्यावा. वासासाठीच काही हवे असेल, तर जस्तयुक्त माउथवॉश पाहावा. जस्त गंधकाच्या वायूंना बांधून ठेवते. ज्यांचे तोंड कोरडे पडते, त्यांनी अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळावा. या बाटल्यांचा इतिहास गमतीचा आहे : लिस्टरीन १८७९ साली अमेरिकेत जंतुनाशक म्हणून निघाले आणि १९२०च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी ‘हॅलिटोसिस’ हा तोंडाच्या दुर्गंधीसाठीचा भारदस्त शब्द घरोघरी नेऊन लोकांना आपल्या श्वासाची धास्ती लावली. बाटलीने वास काही तास झाकला जातो. उगमाजागी थर तसाच असेल, तर संध्याकाळी पुन्हा तेच.

लवंग, बडीशेप, वेलची यांविषयी आलेल्या अनेक पत्रांना हेच उत्तर लागू आहे. जेवणानंतर बडीशेप चघळल्याने लाळ सुटते, तेवढा फायदा खरा आहे. लवंगेचे तेल मात्र थेट हिरडीवर चोळू नये, चटका बसतो. तेलाच्या गुळण्यांनी अपाय नाही, पण त्या ब्रशची किंवा टंग क्लीनरची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रश्न : लसणाची चटणी खाल्ल्यावर कितीही दात घासले तरी वास का जात नाही? आणि उपवासाच्या दिवशी काही न खाताही तोंडाला वास का येतो? (दोन मैत्रिणी, सोलापूर)

उत्तर : लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ आतड्यातून रक्तात शोषला जातो आणि रक्तातून फुप्फुसांत येऊन श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणजे तो वास तोंडातला नसतोच, म्हणून ब्रशला दाद देत नाही. तो सुटायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो. चटणीबरोबर दही किंवा दूध घेतल्याने, किंवा नंतर कच्चे सफरचंद अथवा पुदिन्याची पाने खाल्ल्याने तो बराच कमी होतो.

उपवासात दोन गोष्टी घडतात. चावणे बंद झाल्यामुळे लाळ कमी सुटते आणि जीभ आपोआप घासली जात नाही. निर्जळी हरितालिकेला हे अधिक जाणवते. शिवाय पोटात काही नसेल तर शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून तयार होणाऱ्या अ‍ॅसिटोनचा, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा, गोडसर वास श्वासाला येतो. धडधाकट माणसात तो जेवल्यावर जातो. मधुमेह असलेल्या, विशेषतः इन्सुलिनवर असलेल्या व्यक्तीच्या श्वासाला असा वास येऊ लागला आणि जोडीला उलट्या, पोटदुखी, अतिशय तहान किंवा धाप असेल, तर त्यांना तासाभराचीही वाट न पाहता रुग्णालयात न्यावे आणि दारातच मधुमेहाची कल्पना द्यावी.